बोर्डापाशी, उभ्याउभ्या

प्रश्न : अंबडला ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. सकाळी सातच्या शिफ्टची मीटिंग दहा मिनिटांची ठरलेली, पण रोज पाऊण तास जातो.

आधी हिशेब मांडा. बारा जण रोज ३५ मिनिटं जादा अडकले तर सात मनुष्य-तास गेले, म्हणजे जवळपास एका माणसाची अख्खी शिफ्ट. हा आकडा मॅनेजरसाहेबांपुढे ठेवला की पुढचं बोलणं सोपं जातं.

मीटिंग केबिनमधून काढा आणि बोर्डापाशी उभ्याने घ्या. बोर्ड मात्र प्रेस मशीनला खेटून नको. ओरडून बोलावं लागलं की माणसं गप्पच राहतात. रात्रपाळीच्या सुपरवायझरने पावणेसातपर्यंत बोर्डावर आकडे भरलेले हवेत, कारण निम्मा वेळ आकडे शोधण्यातच जातो. क्रम रोज तोच ठेवा : सेफ्टी, क्वालिटी, प्लॅन आणि प्रत्यक्ष, मशीन, माणसं. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या : आकडा, फरक कशामुळे, कोणाकडून काय हवंय. ‘प्लॅन १२००, झाले १०८०. डाय (प्रेसचा साचा) बदलायला दोन तास गेले. दुसरी डाय टूलरूमकडून साडेनऊच्या आत हवी.’ वीस सेकंदांत विषय संपतो.

‘पण ही डाय सारखी का जाते?’ असं कोणी विचारलं की गाडी घसरलीच. दोघं वाद घालतात, दहा जण घड्याळ बघतात. बोर्डाच्या कडेला ‘नंतर’ असा रकाना आखा. दोन मिनिटांत न मिटणारा विषय तिथे लिहायचा आणि त्या दोघांनीच मागे थांबायचं. दुसऱ्या दिवशी मीटिंगची सुरुवात तो रकाना वाचून करा, नाहीतर आठवडाभरात त्यावरचा भरवसा उडतो.

उशिरा येणाऱ्यासाठी थांबू नका, झालेलं पुन्हा सांगू नका. आणि रिजेक्शनवरून चारचौघांत कोणाला झापू नका. झापलंत तर उद्यापासून बोर्डावरचा रिजेक्शनचा आकडा छान दिसेल, आणि खराब पीस ट्रॉलीखाली सापडतील.

प्रश्न : कॉलेज रोडला आमचं आठ जणांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. मीटिंगमध्ये मीच बोलतो, बाकीचे माना डोलावतात.

तुम्ही आधी बोलता म्हणून. साहेबांचं मत आलं की विषय संपला, हे आपल्याकडे शाळेपासून अंगात मुरलेलं असतं. सुरुवात सगळ्यांत नव्या माणसापासून करा, तुमची पाळी शेवटी. त्याआधी चार मिनिटं प्रत्येकाने गुपचूप कागदावर लिहायचं. लिहिलेलं वाचून दाखवायला लाजरा माणूसही तयार होतो. ‘काही शंका?’ या प्रश्नाला ‘नाही सर’ हेच उत्तर ठरलेलं असतं. त्यापेक्षा ‘ही तारीख चुकलीच, तर कशामुळे चुकेल?’ असं विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. पाच-सहाला शांतता नकोशी होते आणि आपणच बोलून मोकळं व्हावंसं वाटतं. नेमकी तिथे जीभ आवरा.

प्रश्न : मीटिंगचे मिनिट्स व्यवस्थित पाठवतो, तरी कामं होत नाहीत.

दोन पानी मिनिट्स कोण वाचतं? तीन रकाने पुरे : काम, एकच नाव, दिवस-वेळ. ‘कार्टनचं बघून घ्या’ हे काम नव्हे. ‘पाच प्लायच्या कार्टनचे तीन पुरवठादारांकडून दर, गुरुवार दुपारी चारपर्यंत’ हे काम. नावाच्या जागी ‘परचेस’ लिहू नका. विभागाचं काम कोणाचंच नसतं. मीटिंग मोडण्याआधी शेवटची तीन मिनिटं हे मोठ्याने वाचा, ज्याचं त्याने ‘हो’ म्हणायचं, आणि तिथूनच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं.

प्रश्न : पिंपळगावला द्राक्षाचं पॅकहाउस आहे. सीझनमध्ये मीटिंगला वेळच नसतो, आणि सांगितलेलं पाळलं जात नाही.

पाच मिनिटं काढा, पण भाषण नको. टेबलावर दोन घड ठेवा, एक चालणारा, एक न चालणारा. आजच्या ऑर्डरला मणी १६ मिमीच्या वर हवा असेल, तर साइज रिंग प्रत्येकीच्या हातात देऊन मणी मोजायला लावा. पाच किलोच्या बॉक्समध्ये अर्ध्या किलोचे दहा पनेट (छोटे प्लास्टिकचे डबे) जात असतील, तर एक बॉक्स समोर भरून दाखवा.

मग ‘समजलं का?’ असं विचारू नका. कालच आलेल्या ताईंना घड हातात घेऊन ‘हा का काढायचा, तुम्ही सांगा’ म्हणा. त्या अडखळल्या तर सूचना कच्ची होती, पुन्हा दाखवा. तेवढी दोन मिनिटं जादा गेली तरी चालतील. प्रीकूलिंगला, म्हणजे थंड करायला, गेलेले बॉक्स परत फोडण्यात याहून कितीतरी वेळ जातो.