सोळाव्या वर्षी मुलाला सगळं कळतं, मग मित्र भेटले की अक्कल कुठे जाते?

तुम्ही लिहिलंय की मुलगा घरी हेल्मेटवर आपल्यालाच ऐकवतो आणि परवा चौकात ट्रिपल सीट दिसला. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि घरीही असाच एक नमुना वाढवलाय, म्हणून लिहितेय.

कळतं पण वळत नाही, हे आपण चिडून म्हणतो; पण मेंदूत ही खरोखरच दोन निराळी कामं आहेत. निवांत बसून विचार करायचा असेल तर सोळाव्या वर्षाची मुलं जवळजवळ मोठ्यांइतकाच नीट विचार करतात. ऐन वेळी मोह आवरायला मात्र कपाळामागचा भाग लागतो आणि तो पंचविशीपर्यंत घडत असतो. मजेची ओढ लावणारी यंत्रणा त्याच्या आधीच जोरात आलेली असते.

तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर अमेरिकेत २००५ साली झालेल्या एका प्रयोगात आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवायचा व्हिडिओ गेम दिला: सिग्नल पिवळा झाल्यावर आणखी किती दामटायची, ते तुम्ही ठरवा. एकटे खेळताना १३ ते १६ वर्षांची मुलं आणि चोविशीपुढची माणसं यांच्यात फारसा फरक नव्हता. दोस्त बाजूला उभे केले, तर मुलांनी पत्करलेला धोका जवळपास दुप्पट झाला. मोठ्यांवर काही परिणाम नाही. पुढे २०११ मध्ये मेंदूचे स्कॅन घेऊन असाच प्रयोग केला, तेव्हा मित्र शेजारच्या खोलीतून बघताहेत एवढ्यानंच मुलांच्या मेंदूतली बक्षिसाची, म्हणजे त्याच मजेच्या ओढीची, केंद्रं जास्त चेतली. म्हणजे तुमचा मुलगा घरी खोटं बोलत नव्हता. तिथे कुणी बघत नव्हतं, इतकंच.

मेंदूचा आकार म्हणाल तर तो सहाव्या वर्षीच ९० टक्क्यांवर गेलेला असतो. या वयात होते ती छाटणी: मेंदूतल्या पेशींमधले न वापरलेले जोड गळतात, वापरातले पक्के होतात. नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली द्राक्षबाग पाहिलीत? नवख्याला वाटतं, बाग गेली.

पण म्हणून गाडी द्यायची असं नाही हं. भाषणं मी सोडली, ती कळण्याच्या खात्यात जातात आणि ते खातं भरलेलंच आहे. मी चावी कपाटात ठेवली. सोळाव्या वर्षी आपल्याकडे ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडीच चालते, तीही लायसन्स असेल तर. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. कायदा करणाऱ्यांनी मेंदू बघून हा पंचविशीचा आकडा धरला असेल असं मला वाटत नाही, पण आमच्या चिरंजिवांवर परिणाम झाला तो या एका वाक्याचाच. सध्या सायकलवर आहेत. डबल सीट.