फ्रस्ट्रेशन: सुरुवात इथून कर

फ्रस्ट्रेशन म्हणजे इंग्लिश करार कायद्यातला नियम: कुणाचाही दोष नसताना करार पाळणं अशक्य झालं किंवा त्याचा मूळ हेतूच उरला नाही, तर करार संपतो. पहिल्या वाचनात डोकं गरगरतं, आमचंही गरगरलं होतं. (नावावरून होणारे विनोद प्रत्येक बॅच करते.) आत्ता मोजकेच खटले पक्के कर.

'टेलर विरुद्ध कॉल्डवेल', १८६३: चार दिवसांसाठी घेतलेला म्युझिक हॉल पहिल्या कार्यक्रमाआधीच जळाला. दोष कुणाचाच नाही, करार तिथेच संपला.

मग 'क्रेल विरुद्ध हेन्री' आणि 'हर्न बे विरुद्ध हटन' जोडीनेच वाच. दोन्ही १९०३चे, दोन्हींच्या मुळाशी राजा सातव्या एडवर्डचं आजारपण, त्यामुळे राज्याभिषेकाचे ठरलेले कार्यक्रम रद्द झाले. हेन्रीने पॅल मॉलमधल्या खोल्या दोन दिवसांसाठी ७५ पौंडांना ठरवल्या, त्या राज्याभिषेकाची मिरवणूक बघायला. मिरवणूक रद्द झाली, करारही संपला. हटनने बोट ठरवली आरमाराची पाहणी बघायला आणि ताफ्याभोवती फेरी मारायला. पाहणी रद्द, पण ताफा तिथेच उभा! करार टिकला. हा फरक स्वतःच्या शब्दांत लिहिता आला की निम्मं काम झालं.

नवखे इथे घसरतात:

- परवडेनासं झालं म्हणजे फ्रस्ट्रेशन नव्हे. 'डेव्हिस' खटल्यात (१९५६) ७८ घरं बांधायला ८ महिन्यांऐवजी २२ महिने लागले, खर्च वाढला, तरी करार कायम.
- करारातलं फोर्स मेजरचं कलम (हाताबाहेरच्या घटना घडल्या तर काय, हे आधीच ठरवणारं) न वाचताच उत्तर लिहितात.
- स्वतः ओढवून घेतलेली अडचण चालत नाही.
- इंग्लिश कायद्याच्या उत्तरात आपलं कलम ५६ घुसडतात. ते १८७२च्या भारतीय करार कायद्यातलं.

करार असा संपल्यावर पैसे परत कसे मिळतात ते सांगणारा १९४३चा इंग्लिश कायदा सध्या बाजूलाच ठेव.