कवितेचं बारकाईनं वाचन म्हणजे नेमकं काय? नुसता अर्थ सांगितला तर चालत नाही का?

नाही चालत. तुकोबांचं एकच कडवं घ्या: ‘आनंदाचे डोही आनंद तरंग, आनंदचि अंग आनंदाचे.’ ‘खूप आनंद झाला’ हा याचा अर्थ कुणीही सांगेल. आता शब्द मोजा. एकूण 7, त्यांतले 4 ‘आनंद’. उरले फक्त डोह, तरंग आणि अंग. आम्हा कोल्हापूरकरांना डोह कळायला पंचगंगेच्या घाटावर उभं राहिलं तरी पुरे: वरून शांत, खाली थांग नाही. अशा पाण्यात तरंग उठला तर तो पाण्याचाच. म्हणजे डोहही तोच, लाटही तीच आणि त्यात उतरलेलं अंगही तेच! हे तुकोबा समजावून सांगत नाहीत, शब्दांच्या मांडणीतून घडवतात.

मग अक्षरं मोजा: 6, 6, 6 आणि शेवटी 4. ‘तरंग’ला ‘अंग’ जुळतं, आणि चौथा चरण आखूड पडतो. माझ्या मते खरी गंमत इथंच आहे. आमच्या पेठेत भजनाला बसलं की त्या आखूड चरणानंतर टाळ-पखवाज ती जागा भरतात आणि गाणारा परत ‘आनंदाचे डोही’वर येतो. शेवटचा शब्द आणि पहिला शब्द एकच, त्यामुळे ओळ कुठं संपली आणि कुठं सुरू झाली हे कानाला कळतच नाही.

म्हणून आधी मोठ्यानं वाचा, मग मोजा, आणि अर्थ सगळ्यात शेवटी लिहा.