डर्मपॅथची फेलोशिप पॅथॉलॉजीवाल्याला झेपते का?

पॅथॉलॉजीचं एमडी संपत आलंय, डर्मॅटोपॅथॉलॉजीची (डर्मपॅथ, म्हणजे त्वचेचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासून आजार ओळखण्याचं शास्त्र) फेलोशिप करावी का, आणि त्वचेच्या ओपीडीत कधीच न बसलेल्याला ती झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. झेपते. मीही पॅथॉलॉजीतूनच आले. "ते आमचं क्षेत्र आहे" असं कुणीतरी त्वचारोगवाल्यानं तुम्हाला ऐकवलेलं दिसतंय. मलाही ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसले.

फेलोशिपमध्ये असताना एक बायॉप्सी आली. फॉर्मवर एकच शब्द, "बुलस", म्हणजे फोडांचा आजार. वय नाही, फोड अंगावर कुठे आहेत ते नाही, किती जुने ते तर नाहीच. सेक्शनमध्ये, म्हणजे तुकड्याच्या पातळ कापात, फट एपिडर्मिसच्या (त्वचेच्या सर्वांत वरच्या थराच्या) आत, आजूबाजूला इओसिनोफिल या दाहातल्या पेशी. घाईत बघणारा पेम्फिगस (पेशी एकमेकींपासून सुटून वरच्या थराच्या आतच फोड येणारा आजार) लिहून मोकळा झाला असता. पण पेशी एकमेकींपासून सुटलेल्या कुठेच नव्हत्या आणि फटीच्या तळाशी होत्या त्या चपट्या, ताणलेल्या, नव्यानं आलेल्या. जुन्या फोडात हे होतं. फट मुळात एपिडर्मिसच्या खालीच पडलेली असते, पण काही दिवसांत कडेच्या पेशी सरकत येऊन तळ झाकतात आणि फट वर गेल्याचा भास होतो. इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी (त्वचेत अडकलेल्या अँटिबॉडी चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी) वेगळा तुकडा पाठवला होता खरा, पण तोही फॉर्मॅलिनमध्ये! म्हणजे त्या तपासणीपुरता तो वायाच गेला.

मी बायॉप्सी पाठवणाऱ्या त्वचारोगाच्या कन्सल्टंटना फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही स्लाइड वाचा, पेशंट आम्ही बघतो. आम्ही काही लिहिलं की तुम्ही तेच टाइप करून पाठवता."

यातलं दुसरं वाक्य मला अजून झोंबतं, कारण ते अगदीच खोटं नाही. फॉर्मवर लायकेन प्लॅनस या त्वचारोगाचं नाव वाचून स्लाइड लावली की लायकेन प्लॅनसच दिसायला लागतो. अमेरिकन डर्मॅटोपॅथॉलॉजिस्ट अ‍ॅकरमननी १९७८ च्या पुस्तकात दाहाचे त्वचारोग पॅटर्नवर बसवले. आधी कमी पॉवरखाली एकूण नक्षी ओळखायची, मग पेशींकडे वळायचं. मीही आधी कोऱ्या नजरेनं स्लाइड बघते आणि मग फॉर्म उलटते. पण आपली नजर कोरी ठेवणं वेगळं आणि समोरच्यानं फॉर्म कोरा पाठवणं वेगळं.

तर मी वॉर्डात गेले. म्हातारे गृहस्थ, मांड्यांवर टणक, सहज न फुटणारे फोड, मधे मधे खाजरे लाल चट्टे, तोंड आतून स्वच्छ. पेम्फिगस डोक्यातून तिथेच गेला. नवीन बायॉप्सी मागितली. ताज्या, छोट्या फोडाची कड फॉर्मॅलिनमध्ये आणि फोडाशेजारची अखंड त्वचा इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी तुकडा टिकवणाऱ्या मिशेलच्या द्रावणात. आयजीजी (अँटिबॉडी) आणि सी३ (प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन) यांची बेसमेंट मेम्ब्रेनवर, म्हणजे एपिडर्मिसच्या तळाच्या पडद्यावर, सरळ रेघ उमटली. पेम्फिगसमध्ये पेशींच्या मधून जाळं दिसलं असतं. सॉल्ट-स्प्लिट त्वचेवर (मिठाच्या पाण्यानं या पडद्याशी दुभंगलेल्या त्वचेवर) रेघ छताच्या बाजूला आली, म्हणजे बुलस पेम्फिगॉइड, एपिडर्मिसच्या खाली फोड येणारा आजार. पुढे कॉन्फरन्समध्ये त्याच कन्सल्टंटनी ही "आमची इंटरेस्टिंग केस" म्हणून दाखवली. बायॉप्सी दुसऱ्यांदा का घ्यावी लागली, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जिथे फेलोला दिवसभर नुसतं मायक्रोस्कोपला बसवतात, तिथे जाऊ नका, नाव कितीही मोठं असो. ओपीडीत बसायला मिळतं का, बायॉप्सीबरोबर फोटो येतात का, क्लिनिशियनबरोबर स्लाइड बघायची बैठक नियमित होते का, हे सध्याच्या फेलोला गाठून विचारा. विभागप्रमुखांना विचारून खरं कळत नाही. अमेरिकेत ही फेलोशिप वर्षभराची असते आणि दोन्ही शाखांच्या लोकांना खुली असते. सर्टिफिकेटही त्वचारोग आणि पॅथॉलॉजी या दोन्ही बोर्डांचं मिळून असतं. तेव्हा क्षेत्र कुणाचं हा वाद कागदावर तरी कधीच मिटलाय.

करावी का, याचं उत्तर मी कसं देणार? दिवसभर पॅटर्न बघायचा कंटाळा येत नसेल तर करा.

एक सांगायचं राहिलं. वरचं सगळं दाहाच्या आजारांना जास्त लागू. मेलानोसाइटच्या (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या) गाठींचं प्रकरण वेगळं. तिथे वय आणि जागा कळायलाच हवी, पण ओपीडीत कितीही बसलात तरी निरुपद्रवी स्पिट्झ नीव्हस की मेलानोमा हा कर्करोग हे ठरवणारी नजर ढिगानं स्लाइड पाहूनच तयार होते. सोफी स्पिट्झनी १९४८ मध्ये वर्णन केलं तेव्हा या स्पिट्झ नीव्हसलाही मेलानोमाचाच प्रकार मानलं होतं. व्रण नसेल तर ब्रेस्लो जाडी (मेलानोमा किती खोल गेलाय ते माप) ०.७ मिमी लिहायची की ०.८, यावर कर्करोगाची पायरी टी१ए की टी१बी हे ठरतं, आणि ते मोजताना शेजारी कुणी नसतं. या बाबतीत एका वर्षात हात बसत नाही. फेलोशिपनंतरही अवघड स्लाइड दाखवायला एखादा ज्येष्ठ माणूस धरून ठेवा.

आणि मुलाखतीत कुणी "त्वचेचे पेशंट न पाहिलेल्यांनी इथे का यावं?" असं विचारलंच, तर इम्युनोफ्लुओरेसन्सचा तुकडा तुमच्याकडे कशात घालून पाठवतात, हे उलट विचारा.