पफरी : स्तुतीतली हवा

जाहिरातीवरच्या एका खटल्याच्या बातमीत ‘ही नुसती पफरी आहे, असा बचाव कंपनीने केला’ असं वाक्य आलं होतं. हा शब्द कुठला, आणि पफ पेस्ट्रीशी त्याचं काही नातं आहे का, अशी विचारणा आहे.

आहे की, सख्खं नातं आहे. दोन्हींत हवाच भरलेली! पफ म्हणजे मुळात फुंकर. आपल्या ‘फू’सारखा आवाजावरूनच आलेला शब्द. फुंकरीवरून फुगणं आणि त्यावरून फुगवून केलेली स्तुती. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये हा अर्थ चांगलाच रुळला होता. शेरिडनच्या ‘द क्रिटिक’ या १७७९च्या नाटकात मिस्टर पफ नावाचं पात्रच आहे. वाखाणणी लिहिणं हा त्याचा धंदा, आणि पफचे पाच प्रकार तो शास्त्र सांगावं तसे ऐटीत सांगतो.

कायद्यात पफरी म्हणजे विक्रेत्याची अशी तारीफ, जी कुणी शब्दशः घेणार नाही. कलिंगडवाला ‘साखर आहे साखर!’ ओरडतो, फिकं निघालं म्हणून कुणी कोर्टात जात नाही. पण ‘लाल नाही निघालं तर पैसे परत’ म्हणाला की तो शब्द दिल्यासारखं झालं.

लंडनच्या कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीला हेच भोवलं. नळी लावलेला रबरी गोळा दाबायचा आणि औषधी भुकटी नाकात ओढायची. (म्हणजे पफच घ्यायचा!) दोन आठवडे रोज तीनदा वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ, अशी १८९१ची जाहिरात. कार्लिलबाईंनी सांगितल्याप्रमाणे गोळा वापरला, आणि जानेवारी १८९२मध्ये तापाने धरलंच. कंपनी म्हणाली, तो तर नुसता पफ होता. पण ‘आमच्या सचोटीची खूण म्हणून १,००० पौंड बँकेत ठेवलेत’ असंही त्याच जाहिरातीत छापलेलं! अपील न्यायालयाने त्यावरच बोट ठेवलं आणि बाईंना १०० पौंड मिळाले.

मराठी प्रतिशब्द? ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणं’ जवळचं वाटतं, पण तिथे माणूस चढतो. इथे माल चढवतात. भाटगिरीला आश्रयदाता लागतो. मला वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचा ‘अर्थवाद’ आठवतो : माणूस कर्माकडे वळावा म्हणून केलेली स्तुती, शब्दशः न घ्यायची. पण बातमीत तो कुणाला कळणार? ‘फुगवाफुगवी’ लिहावं, हवा तरी शाबूत राहते.