फोकस नेमका कुठे चुकतो?

प्रश्न: मॅक्रो (अगदी जवळून काढलेल्या) फोटोत व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) सगळं शार्प दिसतं, पण मोठा करून बघितला की फोकस सरकलेला. लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढल्याने) फरक पडेल का?

उत्तर: पडेल की! डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) व्ह्यूफाइंडर वापरताना फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे त्याची आणि फोटो टिपणाऱ्या मेन सेन्सरची जुळणी जराशी हलली तरी फोकस पुढेमागे जातो, लाइव्ह व्ह्यूत मात्र आरसा वर जातो आणि मेन सेन्सरवर जे पडतंय तेच स्क्रीनवर येतं, म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, स्क्रीनवर, समजा, मुंगीच्या डोळ्यावर झूम करा आणि फोकस रिंग हाताने हळूहळू फिरवा. केबलने लॅपटॉपला जोडलंत तर लांबूनही लक्ष ठेवता येतं, म्हणजे घरट्यातल्या पक्ष्यांचे फोटो काढताना ते बुजत नाहीत. बॅटरी मात्र भराभर उतरते, एक्स्ट्रा ठेवाच.