"तुमच्या साईजमध्ये एवढंच आहे": कपड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं कपड्यांचीच निघाली. खरं तर सगळ्यांचं दुखणं एकच आहे, फॅशन दिसते सगळीकडे, मोबाईलवर, आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडच्या काचांमधे, पण आपल्या अंगावर, आपल्या बजेटमधे आणि आपल्या रोजच्या धावपळीत बसेल असं काही सापडत नाही. मी स्वतः बारा वर्षं शिवणकाम केलंय त्यामुळे उत्तरं थोडी शिलाईच्या अंगाने जातील.

ताई, मी 36 वर्षांची आहे, सिडकोत राहते, अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी साईज वाढली ती कमी झालीच नाही. दुकानात गेलं की मुलगी आधी मला वरून खालपर्यंत बघते आणि म्हणते, मॅडम तुमच्या साईजमध्ये एवढंच आहे. एवढंच म्हणजे नेव्ही ब्लू नाहीतर काळा, आणि पोत्यासारखा सरळ. मागच्या महिन्यात 1800 रुपये देऊन एक कुर्ता घेतला, पोटावर बसतो पण खांदे खाली येतात आणि गळा लोंबतो. मला पिस्ता रंगाचा छान घेरदार अनारकली घालायचाय. मी काय चुकतेय?

तू काहीच चुकत नाहीयेस, आधी हे डोक्यातून काढून टाक. चूक कुर्ता कापणाऱ्याची आहे आणि ती कशी होते ते सांगते. बऱ्याच ठिकाणी नमुना मीडियमचा बनवतात आणि मग प्रत्येक साईजला सगळीकडून ठराविक इंच वाढवत वाढवत डबल एक्सएलपर्यंत नेतात. पण बाईचं अंग तसं वाढत नाही ना, पोट वाढतं, दंड वाढतो, छाती वाढते, खांद्याचं हाड मात्र तेवढंच राहतं. त्यामुळे पोटाला बसणारा कुर्ता खांद्यावरून उतरतो आणि गळा मोठा होतो, अगदी तुझ्यासारखं. त्यात आपल्याकडे बरीच वर्षं बाहेरच्या देशांच्या मापांवरच काम चाललं. म्हणून तर वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने इंडियासाईज नावाचा प्रकल्प हाती घेतला, 15 ते 65 वयाच्या 25,000 लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने 6 शहरांत घ्यायची असा तो बेत, म्हणजे सरकारलाही हे पटलंय की प्रॉब्लेम आपल्या शरीरात नाही.

आता करायचं काय. रेडीमेड घेताना पहिले खांदा बघ. खांद्याची शिवण तुझ्या हाडाच्या टोकाला आली पाहिजे, कारण खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही पूर्ण उसवावी लागते आणि बरेच टेलर ते काम टाळतात. खांदा बसला आणि पोटावर जरा घट्ट वाटलं तर कुर्ता लगेच ठेवून देऊ नकोस, तो उलटा करून बाजूची शिवण बघ. आत किती कापड सोडलंय? दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच जरी सोडता आला तरी पुढचा मागचा भाग धरून घेरात दोन इंच मिळतात, आणि दोन इंच म्हणजे जवळजवळ एक साईज. आत मार्जिनच नसेल, नुसतं ओव्हरलॉक (कडेचे दोरे सुटू नयेत म्हणून मारलेली शिलाई) मारून कापलेलं असेल, तर तो 1800 ला काय 800 ला पण महाग आहे, तिथेच ठेव.

पण तुझ्या पिस्ता अनारकलीसाठी मी रेडीमेडच्या मागे लागणारच नाही. आपण नाशिकला राहतो, मेन रोडला, रविवार कारंज्यावर अजून तागे उलगडून दाखवणारी दुकानं आहेत, हे केवढं सुख आहे हे मोठ्या शहरातल्या मैत्रिणींना विचार. कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचार, 44 इंची पन्हा असेल तर कळ्यांच्या (खाली रुंद होत जाणाऱ्या उभ्या पट्ट्यांच्या) अनारकलीला चार मीटरच्या आसपास धर, लांब बाही आणि जास्त घेर हवा असेल तर अजून अर्धा मीटर. टेलरला सांग की छातीखालून कळ्या सोडायच्या, कमरेवर नाही, म्हणजे पोटावर आडवी शिवण येत नाही आणि घेर वरूनच पडतो. पुढच्या भागाला प्रिन्सेस कट घाल म्हण, म्हणजे छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणी. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, जरा खोल घ्यायला सांग आणि दंडाचं माप हात कोपरात वाकवून द्यायचं, सरळ ठेवून नाही, नाहीतर स्कूटीचं हँडल धरलं की बाही करकचते. आणि शिवणीत एक एक इंच कापड सोडायला सांगायचंच.

रंगाचं म्हणशील तर काळा घातला की बारीक दिसतं हे ऐकून ऐकून आपण आयुष्यातली दहा वर्षं काळ्यात काढतो. पिस्ता घाल. कापड जरा वजनदार घे, सॉफ्ट कॉटन किंवा चांगलं मोडाल, अंगाला चिकटणारं लायक्रा नको. आणि त्या दुकानातल्या मुलीला पुढच्या वेळी सरळ सांग, मला साईज नको दाखवूस, खांदा 15 इंच दाखव. मापात बोललं की समोरचा पण मापात बोलतो.

मी 19 वर्षांची आहे, गंगापूर रोडला कॉलेजला आहे. इन्स्टाग्रामवरून कॉर्ड सेट (एकाच कापडाचा टॉप आणि पँट) मागवला, फोटोत लिनन दिसत होता, आला तो पातळ चमकणारा आणि रंग पण वेगळा. पेजवाली म्हणते नो रिटर्न नो एक्सचेंज लिहिलंच होतं. माझे पॉकेटमनीचे पैसे गेले. ऑनलाईन घेऊच नये का? आणि बॅगी जीन्स कशी बघून घ्यायची?

घे ना, तुझ्या वयात आणि बजेटमधे जे कट ऑनलाईन मिळतात ते इथे दुकानात सहा महिने उशिरा येतात हे मलाही दिसतं. पण नो रिटर्न लिहिलं म्हणून विषय संपत नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल खराब असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. तिचा फोटो, वर्णन, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि आलेल्या कपड्याचा दिवसाच्या उजेडातला फोटो एकत्र करून आधी तिलाच नीट शब्दात पाठव, आणि तरी ऐकलं नाही तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, तिथे तक्रार टाक. रक्कम छोटी आहे म्हणून लाजायचं नाही. पुढच्या वेळेपासून पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेव.

मागवताना फोटोआधी कापडाची ओळ वाचायची सवय लाव. लिनन लिहिलंय का लिनन लुक? लुक, फिनिश, फील असे शब्द दिसले की बहुतेक वेळा पॉलिएस्टर समज. कॉटन ब्लेंड लिहिलंय आणि टक्के दिले नाहीत तर विचार. रेयॉन वाईट नसतं, लाकडाच्या लगद्यापासून बनतं, अंगावर छान पडतं, पण ओलं असताना कमजोर होतं आणि आटतं, म्हणून उंची दोन इंच जास्तीचीच घ्यायची आणि पिळायचं नाही. नाशिकच्या एप्रिल-मे मधे पॉली क्रेपचा कॉर्ड सेट घालून दुपारच्या लेक्चरला बसून बघ, घाम शोषतच नाही ते, नुसती चिकचिक.

बॅगी जीन्सबद्दल पण विचारलं होतंस. कमरेला बसणारी घे, मोठी साईज घेऊन बेल्ट आवळू नकोस, सगळ्या चुण्या पुढे गोळा होतात.

नाशिकरोडहून लिहितेय. माझ्या लग्नात, 1998 ला, आईने पैठणी दिली होती. आता मुलीचा साखरपुडा आहे आणि तिला त्या पैठणीचा लेहेंगा शिवायचाय, असे व्हिडिओ बघून तिच्या डोक्यात बसलंय. सासूबाई म्हणतात पैठणीला कात्री लावायची नाही. मी मधे अडकलेय. वय 49.

काकू म्हणत नाही, ताईच म्हणते तुम्हाला. ताई, आधी साडी कपाटातून काढा आणि पलंगावर पसरून खिडकीच्या उजेडात बघा. आधी पदराची मागची बाजू बघा. हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो, मोर असो की असावलीची वेल, मागे लोंबणारे किंवा कापलेले दोरे नसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा विणतानाच एकमेकांत अडकवत नेतात. मागे धाग्यांचं जंजाळ असेल तर ती बहुतेक यंत्रावर विणलेली, म्हणजे सेमी पैठणी आहे. तरी आईने दिलेली आहे म्हणजे मोलाचीच, पण कात्रीचा निर्णय सोपा होतो.

खरी असेल तर मग घड्या बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं रेशीम त्या रेषेवर विरतं. घडीवरचं कापड दोन बोटांत धरून अगदी हलकं ताणा. धागे सरकले, चिरल्यासारखं झालं, तर ती साडी म्हणून आता फार नेसली जाणार नाही, तेव्हा मुलीच्या अंगावर गेली तर चांगलंच आहे, फक्त आतून मलमलचं अस्तर पूर्ण लावून घ्या आणि पदर अखंड ठेवा, त्याची ओढणी होते. पण घड्या धड असतील तर माझं मत सासूबाईंच्या बाजूने आहे. कापायची नाही. साडीच्या चुण्या घालून त्या एका रुंद पट्ट्यावर बारीक सुईने वरच्या वर कच्च्या टाक्यांनी बसवता येतात, काठ खाली घेरात येतो, बघणाऱ्याला लेहेंगाच वाटतो आणि कार्यक्रम झाला की टाके उसवून साडी परत साडी. सुईची भोकं पडतील ती वरच्या काठात, जो तसाही नेसताना आत खोचला जातो. लेकीला हे करून दाखवा, नुसतं सांगू नका, या वयात सांगितलेलं पटत नसतं. आणि एकदा येवल्याला घेऊन जा तिला, मागावर दिवसभर बसून किती बोटं पुढे सरकतं ते तिने डोळ्याने बघू दे.

नवरात्रात ऑफिसमधे नऊ रंग असतात. दरवर्षी दोन-तीन ड्रेस नवीन घ्यावेच लागतात, न घातलं तर फोटोत वेगळंच दिसतं. यातून सुटका? (इंदिरानगर, वय 31)

फोटोची हौस मलाही आहे, कालिकेच्या यात्रेला रंगाप्रमाणे नटून गेलेल्या बायका बघून मला फार छान वाटतं. पण एक गंमत लक्षात घे, पहिले सात रंग वारावर असतात. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार गडद निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा, रविवार केशरी. घटस्थापना कुठल्याही वारी आली तरी हे सात तेच, फक्त क्रम फिरतो. बदलतात ते शेवटचे दोन, जांभळा, गुलाबी, मोरपंखी यातलेच असतात. म्हणजे गेल्या वर्षीचं जवळजवळ सगळं चालतं. ज्या रंगाचा ड्रेस नाही त्याची फक्त ओढणी घे, खाली पांढरा नाहीतर क्रीम सेट. करडा तर पुढे कोण घालतं, तो मैत्रिणीचा मागून घाल आणि तिला तुझा केशरी दे.

फर्शी सलवार सध्या खूप चाललीय. मी रोज पंचवटीतून सातपूरला स्कूटीवर जाते, घालू का?

स्कूटीवर नको. फर्शी म्हणजे फरशीला टेकणारी, अवधच्या नवाबी घरांतल्या पायजम्याचा तो घाट आहे, गालिच्यावर चालायला. लग्नाला घाल, रिक्षाने जा. रोजला हवीच असेल तर घोट्याच्या वर दोन इंच उंची ठेवून शिव, घेर तोच दिसतो. आणि ओढणी गाठ मारून पुढे घेतलीस ना? नवऱ्याच्या बाईकवर बसत असशील तर मागचं साडीगार्ड काढलेलं नाही ना ते बघ, मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं गार्ड हवं असं 1989 च्या मोटार वाहन नियमांतच आहे, आणि दिसायला बरं नाही म्हणून ते काढून टाकणारे कितीतरी जण रोज दिसतात. हे मी फार काळजीने लिहितेय, चाकात ओढणी गेलेली मी डोळ्याने बघितलीय.

खिसा का नसतो हो आमच्या कपड्यांना? मी शिक्षिका आहे, खडू, मोबाईल, किल्ली कुठे ठेवू?

असतो तर पाहिजेच. टेलरला कुर्ता टाकताना पहिलं वाक्य हेच, उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा. तोंड साडेसहा इंच, खोली नऊ इंच, म्हणजे मोबाईल आडवा पडत नाही. खिशाचं कापड अस्तराचं पातळ नको, पॉपलिन लावायला सांगा, आणि वरचं टोक कमरेच्या शिवणीत अडकवून घ्या नाहीतर मोबाईलच्या वजनाने कुर्ता एका बाजूला ओढला जातो. कुर्त्याच्या बाजूच्या चिरा खिशाच्या खालून सुरू करायला सांगायचं विसरू नका. टेलर म्हणेल फिटिंग बिघडेल. नाही बिघडत, मी शेकडो शिवलेत.